मानवी प्रजननाचा शालेय पाठ : परिभाषा आणि बोली

१

साहित्यकृतीची भाषा हा मराठी समीक्षेचा नित्याचा विषय आहे. पाठ्यपुस्तकाची भाषा मात्र तिने शिक्षणशास्त्राच्या हवाली करून टाकली आहे. वास्तविक खेड्यापाड्यांतील असंख्य घरांत शिरणारे मराठी गद्य पाहू गेल्यास ते पाठ्यपुस्तकाचेच असते, आणि पुष्कळांच्या बाबतीत ते आयुष्यात वाचलेले शेवटचे सलग गद्यही ठरते. तेव्हा त्या गद्याला समीक्षेचे निकष लावणे अप्रस्तुत ठरू नये. बालभारतीने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इयत्ता दहावीच्या 'विज्ञान आणि तंत्रज्ञान, भाग २' या पुस्तकातील 'सजीवांतील जीवनप्रक्रिया, भाग २' हा पाठ येथे विचारासाठी घेतला आहे. मानवी प्रजननसंस्था, ऋतुचक्र, फलन आणि गर्भाची वाढ यांचे क्रमवार विवेचन मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यापुढे येते ते या पाठात. त्याची शास्त्रीय बाजू तपासण्याचा येथे हेतू नाही. ज्या वाचकासाठी तो लिहिला गेला त्याच्या भाषेशी या पाठाचे नाते काय, एवढाच प्रश्न आहे. हा वाचक चंद्रपूर आणि गडचिरोली या वनप्रधान जिल्ह्यांतील पंधरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी आहे असे धरले, की तो प्रश्न अधिक नेमका होतो.

२

पाठाची रचना परंपरेला धरून आहे. आधी एकपेशीय सजीवांचे विभाजन, मग फूल, आणि सर्वांत शेवटी माणूस. सोप्याकडून गुंतागुंतीकडे जाण्याचा हा क्रम शास्त्राच्या दृष्टीने निर्दोष असून त्यात एक शैक्षणिक शहाणपणही आहे. पुंकेसर, स्त्रीकेसर, परागण, फलन हे शब्द फुलाच्या संदर्भात निर्भयपणे उच्चारून झाले म्हणजे 'फलन' हा शब्द माणसाला लावताना जीभ अडखळत नाही. फुलातील 'अंडाशय' आणि स्त्रीच्या शरीरातील 'अंडाशय' यांना एकच शब्द योजल्याने दोहोंतील साम्यही विद्यार्थ्याच्या मनावर ठसते.

तथापि फुलाकडून माणसाकडे येताना गद्याचा पोत बदलतो. फुलाच्या भागात वारा आहे, कीटक आहे, पराग वाहून नेण्याची दृश्य क्रिया आहे. माणसाच्या भागात वाक्यांचे कर्तेपण बहुधा ग्रंथींकडे, संप्रेरकांकडे आणि पेशींकडे जाते, क्रियापदे कर्मणी होतात, आणि ज्या व्यक्तीच्या शरीरात हे सर्व घडते ती वाक्यातून दिसेनाशी होते. शास्त्रीय गद्याची ही रीत सर्व भाषांत आढळते, आणि पचनाच्या किंवा रक्ताभिसरणाच्या पाठातही ती असते. परंतु पचनाच्या पाठात 'पोट', 'तोंड', 'आतडे' हे घरचे शब्द परिभाषेच्या शेजारी बसलेले असतात, आणि त्यांच्या आधाराने विद्यार्थी 'ग्रसनी' किंवा 'आद्यांत्र' ओळखून घेतो. प्रजननाच्या पाठात हा शेजार जवळजवळ नाहीसा होतो. वृषण, शिश्न, अंडनलिका, पुटिका, पीतपिंड, अपरा अशी तत्सम शब्दांची रांग लागते आणि घरचा म्हणावा असा 'पाळी'सारखा एखादाच शब्द शिल्लक राहतो. या पाठातील सभ्यता बव्हंशी शब्दांच्या निवडीतून साधलेली आहे. विषय झाकलेला नाही, पण त्याचे घरगुती नाव झाकले आहे.

३

ही तत्सम परिभाषा कशी घडली हे ध्यानात घेतल्यास तिच्यावर अन्याय होणार नाही. महाराष्ट्र शासनाचे भाषा संचालनालय १९६० मध्ये आणि केंद्राचा वैज्ञानिक व तांत्रिक शब्दावली आयोग १९६१ मध्ये स्थापन झाला. भारतीय भाषांत शक्य तेथे समान आणि संस्कृतोद्भव संज्ञा असाव्यात हे त्या काळाचे धोरण होते. मराठी 'अंडाशय' आणि हिंदी 'अंडाशय' एकच आहेत ते यामुळे. पण संस्कृत शब्द मराठीत कोऱ्या पाटीवर लिहिला जात नाही. त्याचा तद्भव भाऊबंद किंवा त्याचाच दुसरा अर्थ मराठीत आधीच नांदत असतो. या पाठातील तीन शब्दांवरून हे स्पष्ट होईल.

पहिला शब्द 'अंड'. संस्कृतात त्याचा अर्थ अंडे असा आहे आणि वृषण असाही आहे. मराठीने दोन्ही अर्थ वेगळे करून घेतले : 'अंडे' कोंबडीचे, आणि 'आंड' पुरुषाचे. हा दुसरा शब्द ग्राम्य समजला जातो, परंतु तो मुलांना ठाऊक नसतो असे कोणी म्हणणार नाही. त्यातच छत्तीसगडच्या सीमेवर कानावर पडणाऱ्या हिंदीत 'अंडकोष' हा पुरुषाचाच अवयव आहे. अशा विद्यार्थ्यापुढे 'अंडाशय' आणि 'अंडपेशी' हे शब्द स्त्रीच्या शरीराविषयी आले, की वर्गात हशा पिकतो. तो चावटपणा म्हणून शिक्षक रागावतात. वस्तुतः त्या हशामागे शब्दार्थाचा खराखुरा गोंधळ आहे आणि तो दूर करण्यास दोन वाक्ये पुरेशी आहेत. ती दोन वाक्ये पाठात नाहीत.

दुसरा शब्द 'ऋतुचक्र'. दुर्गाबाई भागवतांच्या १९५६ च्या पुस्तकामुळे हा शब्द मराठी वाचकाला निसर्गाच्या बारा महिन्यांचा म्हणून परिचित आहे, आणि भूगोलाच्या तासालाही त्याचा अर्थ उन्हाळा, पावसाळा, हिवाळा असाच असतो. विज्ञानाच्या तासाला तोच शब्द स्त्रीच्या मासिक चक्राचा होतो. दोन्ही अर्थांच्या मुळाशी 'ठरावीक काळाने पुन्हा येणे' ही एकच कल्पना आहे, आणि मराठीतील 'पाळी' या शब्दाच्या मुळाशीही क्रमाने येणारी खेप हीच कल्पना आहे. हे नाते दाखविले असते तर 'पाळी' हा कुजबुजण्याचा शब्द न राहता एक अर्थपूर्ण मराठी शब्द म्हणून मुलीच्या हाती आला असता.

तिसरा शब्द 'लिंग'. मराठी व्याकरणाच्या तासाला मुले शब्दांची लिंगे बदलतात. महाशिवरात्रीला चामोर्शी तालुक्यात वैनगंगेच्या काठी मार्कंड्याच्या यात्रेत हजारो लोक शिवलिंगाचे दर्शन घेतात. व्याकरणात आणि देवळात ज्या शब्दाने कोणाची मान खाली जात नाही, तो विज्ञानाच्या वर्गात मात्र उच्चारवत नाही. यावरून एवढे सिद्ध होते की, लाज ही शब्दात नसून शब्द वापरण्याच्या प्रसंगात असते. तत्सम शब्द योजल्याने लाज नाहीशी होते ही परिभाषाकारांची समजूत म्हणूनच अपुरी ठरते. नव्या शब्दालाही तो प्रसंग लवकरच चिकटतो.

४

प्रस्तुत दोन जिल्ह्यांत हा प्रश्न अधिक तीव्र होतो, कारण येथे प्रमाण मराठी ही अनेकांची घरची भाषा नाही. १९८२ मध्ये चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला. या संपूर्ण पट्ट्यात वैनगंगेच्या खोऱ्यात झाडीबोली, एटापल्ली-भामरागडच्या बाजूस माडिया, अन्यत्र गोंडी, सिरोंचाकडे तेलुगू, कोरची-कुरखेड्याकडे छत्तीसगडी आणि पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या वस्त्यांत बंगाली अशा भाषा बोलल्या जातात. ण, ळ, श, ष हे वर्ण झाडीबोलीत नाहीत असे तिच्या अभ्यासकांनी नोंदले आहे. 'वृषण' या एका शब्दात त्यांपैकी दोन आहेत, आणि 'शिश्न' हा शब्द एकाच वर्णाला दोनदा तोंड द्यायला लावतो. जो शब्द उच्चारतानाच आपली बोली उघडी पडेल अशी भीती वाटते, तो शब्द विद्यार्थी वर्गात उभा राहून म्हणणार नाही. त्यात विषयही असा, की न म्हणण्याला निमित्त आयतेच मिळते. शिक्षकानेही 'हा भाग घरी वाचा' म्हटले, की दोन्ही पक्षांची सुटका होते.

माडिया घरातील मुलीची स्थिती आणखी निराळी. तिच्या भाषेकडून मराठीकडे आणि मराठीकडून परिभाषेकडे असे दुहेरी भाषांतर तिला एकटीने करावे लागते. शिवाय पाळीच्या दिवसांत गावाकडेला कुर्माघरात राहण्याची प्रथा ज्या वस्तीत आहे, तेथून आलेल्या मुलीला या विषयाचे ज्ञान नाही असे म्हणता येत नाही. त्या दिवसांत कोठे राहावे आणि कशाला स्पर्श करू नये याची नियमबद्ध माहिती तिला पाठापूर्वीच मिळालेली असते. पाठ मात्र तिला कोरी समजून 'पुटिका परिपक्व होते' येथून आरंभ करतो. एक ज्ञान दुसऱ्या ज्ञानाला भेटतच नाही, आणि परीक्षा संपल्यावर पहिलेच टिकते.

५

हा केवळ शब्दांचा वाद नाही याचा पुरावा याच भूमीत मिळाला आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था स्थापन केली. जिल्ह्यातील दोन खेड्यांत केलेल्या त्यांच्या पाहणीचा निष्कर्ष १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तपासलेल्या ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग आढळले. तक्रार सांगणाऱ्या ५५ टक्के होत्या. आणि त्यापूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या अवघ्या ८ टक्के. या ५५ आणि ९२ मधील अंतर सर्वस्वी मौनाचे आहे असे म्हणणे घाईचे होईल, कारण काही विकार लक्षणांवाचूनही असतात. परंतु ८ हा आकडा स्वतःच पुरेसा बोलका आहे. दुखणे सांगावयाचे तर त्याला सांगण्याजोगा शब्द लागतो आणि तो ऐकून घेणारा लागतो. या दोहोंचा अभाव त्या आकड्यात दिसतो.

त्यानंतर राणी बंग यांनी जो मार्ग धरला तो भाषाभ्यासकाला विशेष उद्बोधक वाटेल. स्त्रिया आपल्या शरीराला, स्रावाला, दुखण्याला काय म्हणतात आणि त्यांची कारणे काय समजतात हे त्यांनी त्यांच्याच तोंडून ऐकले. त्यांच्या 'कानोसा' या पुस्तकाचे नावच त्या पद्धतीचे वर्णन आहे. कुमारवयीन मुलामुलींसाठी 'सर्च'ने चालविलेल्या उपक्रमाला 'तारुण्यभान' हे नाव मिळाले, तेही विचार करण्यासारखे आहे. 'लैंगिक शिक्षण' या संज्ञेत देणारा आणि घेणारा असे दोन पक्ष आहेत. 'भान' हे ज्याचे त्याला येते. नावाच्या निवडीला महत्त्व किती असते हे २००७ मध्ये दिसून आले. केंद्राच्या किशोरावस्था शिक्षण कार्यक्रमाला त्या वर्षी महाराष्ट्रासह अनेक राज्यांत विरोध होऊन तो थांबविला गेला, आणि त्या वादात शरीरशास्त्रापेक्षा शब्द आणि चित्रे यांवरच अधिक बोलले गेले. त्याच्या ऐंशी वर्षे आधी, १९२७ मध्ये, र. धों. कर्वे यांनी 'समाजस्वास्थ्य' सुरू केले होते आणि १९५३ पर्यंत ते चालविले. अश्लीलतेचे खटले त्यांच्या वाट्याला आले ते या विषयावर सरळ आणि सर्वांना कळेल अशा मराठीत लिहिण्याबद्दल. तेव्हा परिभाषेआड लपण्याची सवय पाठ्यपुस्तकाला का लागली असावी, हे समजण्यासारखे आहे.

तथापि त्या सवयीची किंमत आता कायद्याच्या क्षेत्रातही मोजावी लागते. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा २०१२ चा कायदा बालकाचा जबाब त्याने सांगितला तसाच नोंदवावा असे सांगतो, आणि गरज असेल तेथे दुभाषाची सोयही करतो. म्हणजे जे विधान ग्राह्य धरावयाचे ते बालकाच्या शब्दांतले. शाळेने शिकविलेला शब्द त्याच्या जिभेवर बसलेला नाही, आणि घरचा शब्द उच्चारू नये असे त्याच शाळेने शिकविले आहे. अशा बालकाने कोणत्या शब्दांत सांगावे, याचे उत्तर पाठ्यपुस्तकाने द्यावयास हवे होते.

६

येथे एक आक्षेप संभवतो, आणि तो वजनदार आहे. घरचे शब्द निर्मळ नाहीत. त्यांत कलंक आहे, तुच्छता आहे, शिवी आहे. तत्सम संज्ञेने या सर्वांतून विद्यार्थ्याला बाहेर काढले. तिची तटस्थता ही उणीव नसून देणगी आहे. या आक्षेपातील तथ्य मान्य करूनही असे म्हणावे लागते की, घरचे सर्व शब्द एका जातीचे नाहीत. त्यांचे निदान तीन वर्ग पडतात.

पहिला वर्ग वस्तूंच्या नावांचा. वार, नाळ, कूस, पिशवी, दिवस जाणे, आणि ग्रामीण आरोग्यविषयक मराठी लेखनात रूढ झालेला 'मायांग' हा शब्द या वर्गात येतात. 'वार पडली' हे वाक्य सुईण जितक्या सहजपणे बोलते तितक्या सहजपणे ते विद्यार्थ्यालाही बोलता येते. 'अपरा' या संज्ञेशेजारी 'वार' छापल्याने शास्त्राची कोणतीही हानी होत नाही. उलट गाय-शेळी व्यालेली पाहिलेल्या मुलाला तो अवयव तत्क्षणी डोळ्यांपुढे दिसतो.

दुसरा वर्ग निवाड्याच्या शब्दांचा. 'विटाळ' आणि 'वांझ' हे त्याचे नमुने. हे शब्द वस्तू सांगत नाहीत, दोष ठरवितात. 'वांझ' या शब्दाचा व्यवहार पाहिला असता तो स्त्रीला, गायीला, झाडाला लागतो. पुरुषासाठी त्याचा जोडीदार बोलीत नाही. 'षंढ' किंवा 'नपुंसक' हे शब्द समागमाची असमर्थता सांगतात, शुक्रपेशींचा अभाव सांगत नाहीत. ज्या भाषेत अपत्यहीन पुरुषाला निराळा शब्दच नाही, त्या भाषेत अपत्यहीनतेचा दोष स्त्रीकडे जाणे जणू आधीच ठरलेले असते. असे शब्द पाठात वापरू नयेत हे खरे. पण त्यांची चर्चा पाठातच व्हावयास हवी. त्यांच्याविषयी मौन पाळल्याने ते पुसले जात नाहीत.

तिसरा वर्ग शिव्यांचा. तेथे परिभाषेचा पर्याय आवश्यकच आहे, आणि तिची तटस्थता खऱ्या अर्थाने उपकारक ठरते ती याच ठिकाणी.

निवाड्याच्या शब्दांमागे पुष्कळदा एक रूपक दडलेले असते. पुरुष बीज आणि स्त्री क्षेत्र हे रूपक धर्मशास्त्रापासून ओवीपर्यंत पसरलेले आहे. पेरले ते उगवते, आणि उगवले नाही तर जमीन नापीक, हा त्याचा सरळ अर्थ. दैनिकांतील वैद्यकीय सदरे 'स्त्रीबीज' हा शब्द वापरतात. स्त्रीकडेही बीज असते असे तो सुचवितो, आणि त्या अंशाने तो रूपकाला धक्का देतो. पाठ्यपुस्तकाचा 'अंडपेशी' हा शब्द अधिक काटेकोर आहे. कारण त्याच पाठात फुलाविषयी असे शिकविले जाते की, बीज हे फलनानंतर, बीजांडापासून तयार होते. म्हणजे बीज हे दोघांच्या मीलनाचे फळ आहे, एकाचे दान नव्हे.

या ठिकाणी पाठाने हातातली मोठी संधी दवडली आहे. हा धानाचा प्रदेश आहे. पऱ्हे टाकणे आणि रोवणी यांत वाढलेल्या मुलाला बियाणे म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. त्याने शेतात टाकलेला धानाचा प्रत्येक दाणा हा मागील हंगामात पराग आणि अंडपेशी यांच्या मीलनातून झालेला आहे. त्या दाण्याला आई आणि बाप दोन्ही आहेत. तेव्हा पुरुषाला बीज म्हणणारे रूपक शेतीच्या कसोटीवरही चुकीचे ठरते. फुलाचा भाग आणि माणसाचा भाग यांना जोडणारे हे एक वाक्य लिहिले गेले असते, तर मूल होत नाही म्हणून किंवा मुलीच होतात म्हणून स्त्रीला दोष देणारा विचार विद्यार्थ्याच्या मनात मुळापासून हलला असता. मातेकडून नेहमी एक्स गुणसूत्र येते, पित्याकडून एक्स किंवा वाय येते, ही माहिती विद्यार्थी पाठ करतोच. पण रूपक जागचे हलले नाही तर ती गुणपत्रिकेपुरती उरते. पूर्व विदर्भात आढळणाऱ्या सिकलसेल या आनुवंशिक विकाराबाबतही हेच म्हणता येईल. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भधारणेच्या वेळी अपत्य विकारग्रस्त होण्याची शक्यता चारांत एक असते. बीज एकाचेच मानणाऱ्या मनाला 'दोघेही' या शब्दाचे महत्त्व कळत नाही.

७

सारांश, या पाठाचा दोष त्याच्या परिभाषेत नसून परिभाषेच्या एकटेपणात आहे. तत्सम संज्ञा काढून टाकाव्यात असे कोणी सुचविणार नाही. पुढील शिक्षणाला त्या लागतात, आणि शिवीपासून शरीराची सुटका त्याच करतात. परंतु प्रत्येक संज्ञेशेजारी तिचा घरचा शब्द, जेथे तो पहिल्या वर्गातील असेल तेथे, छापला पाहिजे; जेथे तो दुसऱ्या वर्गातील असेल तेथे त्याचा खोटेपणा दाखविला पाहिजे; आणि 'अंड', 'ऋतू', 'लिंग' यांसारख्या अनेकार्थी शब्दांची उकल पाठातच झाली पाहिजे. राज्यभर एकच पुस्तक चालत असल्याने झाडीबोलीचे किंवा माडियाचे शब्द त्यात येणे कठीण आहे, हे खरे. म्हणून ते काम जिल्ह्याच्या पातळीवर, शिक्षकांच्या हाती देता येईल अशा छोट्या शब्दसंग्रहाच्या रूपाने करावे लागेल. गडचिरोली येथे २०११ मध्ये स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाच्या क्षेत्रात हे दोन्ही जिल्हे येतात; तेथील भाषाविषयक पदव्युत्तर अभ्यासाला याहून निकडीचे क्षेत्रकार्य क्वचितच सापडेल. सुईणी, आरोग्यसेविका, आशा कार्यकर्त्या आणि वसतिगृहांच्या अधीक्षिका यांच्याजवळ हे शब्द आहेत. ते गोळा करून, त्यांचे वर्ग पाडून शिक्षकाला दिले, तर 'हा भाग घरी वाचा' असे म्हणण्याची गरज त्याला कमी भासेल. पाठाचे यश त्यावरील प्रश्नांना मिळालेल्या गुणांवरून ठरविणे सोपे आहे. खरी कसोटी निराळी आहे. तो पाठ शिकलेल्या मुलीला आपले दुखणे डॉक्टरपुढे, आणि प्रसंग आल्यास न्यायालयापुढे, सांगता आले पाहिजे.